बिनगाठीचं जाळं

फार वर्षांपूर्वी, म्हणजे ज्या काळाबद्दल कुणी काही सिद्ध करू शकत नाही अशा काळी, कारवेळ नावाच्या बंदरात पोसाबाय नावाची एक कोळीण राहत होती. समोर खाडीचं तोंड, मागे टेकडी, टेकडीवर फिरंग्यांचा किल्ला आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने बसलेली घरं, असं ते बंदर होतं. पोसाबायची ख्याती जाळं विणण्यात होती. तिने मारलेली गाठ मासा तर सोडाच, माणूसही सोडवू शकत नसे. असं म्हणतात की एकदा तिच्या जाळ्यात बुडालेल्या गलबताचा नांगर अडकला आणि जाळं न फाटता नांगर वर आला. नांगराचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही.

एका भाद्रपदात पोसाबायचा नवरा धाकू वादळात सापडला आणि परत आला नाही. कारवेळात एक रीत होती. जाळ्याला विधवेचा हात लागू द्यायचा नाही. लागला तर होडी बुडते, असं मानत. ज्या होड्या बुडाल्या त्यांच्या जाळ्यांना सवाष्णींचेच हात लागलेले होते, ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती; आणि ज्यांच्या लक्षात आली असेल ते समुद्रातून सांगायला परत आले नव्हते.

तेराव्या दिवशी चार माणसं आली. त्यांनी पोसाबायची जाळं विणायची लाकडी सुई नेली, अर्धं विणलेलं जाळं नेलं आणि सुकटीच्या चार टोपल्या ठेवून गेली. सुकवलेल्या मासळीला विधवेचा हात चालायचा, कारण ती आधीच मेलेली असते.

बंदरात तेव्हा सात विधवा होत्या. साती जणी जाळं विणण्यात तरबेज, आणि साती जणी वाळूवर बसून कावळे हाकलत असत. पोसाबायला कावळ्यांचा राग नव्हता. तिला आपल्या हातांची भीती वाटू लागली. झोपेत तिची बोटं चालत. सकाळी उठून पाहावं तर गोधडीच्या सुटलेल्या दोऱ्यांना एकाखाली एक गाठी मारलेल्या असत. आणखी एक वर्ष असं गेलं तर आपलं डोकं फिरेल हे तिला समजलं होतं. गावाचं म्हणणं होतं की ते आधीच फिरलं आहे.

फाल्गुनात ती किल्ल्यावर बोंबील विकायला गेली. किल्लेदाराची म्हातारी आई समुद्रापलीकडून आली होती. तिचं नाव लांबलचक होतं. गावाने ते आपल्या जिभेच्या मापाने कापून इस्प्रासबाय केलं होतं. ही इस्प्रासबाय ओसरीवर मांडीत एक गोल लोड घेऊन बसली होती. लोडावर भोकं पाडलेला कागद, भोकाभोकांत टाचण्या, आणि टाचण्यांपासून लोंबणाऱ्या वीस-बावीस लाकडी कांड्या. कोष्ट्याकडे असतात तशाच, पण नाजूक. प्रत्येक कांडीला पांढरं सूत गुंडाळलेलं. म्हातारी एका वेळी चारच कांड्या हातात घ्यायची, त्या एकमेकींवरून ओलांडायची, पीळ द्यायची, टाचणी टोचायची आणि पुढच्या चार घ्यायची. कांड्या कुळकुळ वाजत होत्या. टाचण्यांच्या मागे बोटभर रुंदीची एक पांढरी पट्टी तयार होत होती, फुलं आणि भोकं असलेली.

गावातल्या ज्यांनी ते पाहिलं होतं ते म्हणत, म्हातारी करणी करते. उशीत टाचण्या दुसरं कोण टोचतं? पण पोसाबाय जाळंवाली होती. तिने एका नजरेत ओळखलं की हे जाळं आहे. तिने बोंबलाची टोपली खाली ठेवली आणि ती बघत उभी राहिली. उन्हं कलली तरी ती हलेना.

"बस," इस्प्रासबाय म्हणाली.

तिला मराठीचे चार शब्द येत होते: बस, घे, नको आणि महाग. एवढ्या भांडवलावर तिने शिकवायला सुरुवात केली. यातला महाग हा शब्द शिकवताना फारसा उपयोगी पडला नाही. नको मात्र पुरेपूर वापरला गेला.

काम दिसायला सोपं होतं. हालचाली दोनच, ओलांडणं आणि पीळ देणं. पण पोसाबायने पहिल्या चार कांड्या ओलांडल्या आणि तिचा अंगठा आपोआप वळून तिथे गाठ मारून मोकळा झाला. तीस वर्षांची सवय. जाळ्यात दोन दोरे भेटले की गाठ मारायचीच, नाहीतर मासा जातो. "नको," म्हातारी म्हणाली आणि तिने कात्रीने तो तुकडा कापून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठ, पुन्हा नको, पुन्हा कात्री. असे एकोणीस दिवस गेले. असं म्हणतात की किल्ल्यावरच्या चिमण्यांनी त्या वर्षी घरटी फक्त पोसाबायच्या कापलेल्या तुकड्यांची बांधली, आणि ती घरटी अजून पडलेली नाहीत, कारण त्यांत गाठी आहेत.

विसाव्या दिवशी पोसाबायने आपला उजवा अंगठा तळहाताला चिंधीने बांधला. गाठ दातांनी आवळली. अर्थातच ती पक्की बसली. तशीच ती टेकडी चढून गेली आणि चार बोटांनी कामाला बसली. अंगठ्यावाचून गाठ बसत नाही. बोटांनी दहा दिवस धडपड केली आणि मग हार मानली. असं म्हणतात की तिची बोटं गाठ इतकी विसरली की पदराच्या टोकाला बांधलेली सुपारीसुद्धा वाटेत पडायची, आणि मागून येणारी माणसं ती खात यायची.

मग एके दिवशी इस्प्रासबायने विणलेल्या वीतभर पट्टीच्या टाचण्या एकेक करून उपसायला सुरुवात केली. पोसाबायने डोळे मिटले. गाठ नसलेलं जाळं टाचण्या काढल्यावर उसवणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती. शेवटची टाचणी निघाली. डोळे उघडून पाहते तर पट्टी जशीच्या तशी. प्रत्येक धागा शेजारच्या धाग्याला धरून होता आणि बांधलेला कुणालाच नव्हता. तिने ती ओढून पाहिली, ताणून पाहिली, दातांत धरून पाहिली.

"मग आम्ही जन्मभर गाठी कशाला मारल्या गो बाय?" ती म्हणाली.

म्हातारीला प्रश्न कळला नाही. तिने आपला आवडता शब्द सांगितला, "नको."

वैशाखात किल्लेदाराला दूरच्या कुठल्याशा ठाण्यावर जायचा हुकूम आला. गलबत लागलं. म्हातारीला उचलून मचव्यात बसवलं, तेव्हा पोसाबाय किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभी होती. इस्प्रासबायने मांडीवरचा लोड, कांड्यांसकट, टाचण्यांसकट, तिच्या हातांत दिला. "घे," ती म्हणाली. तो मराठीतला तिचा शेवटचा शब्द.

आता गावात, भर वाटेवरच्या अंगणात, एक विधवा टाचण्या टोचलेली उशी घेऊन बसू लागली. तोवर आषाढ लागला होता. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर उपड्या घातलेल्या असतात आणि पंचांना वेळच वेळ असतो. बंदराचा पाटील हाशा पंचांना घेऊन आला. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्याला सगळं कळतं असं त्याला फार लहानपणीच कुणीतरी सांगितलं होतं.

"पोसाबाय, ह्या काय मांडलंस?" हाशा पाटलाने विचारलं.

"जाळं."

"ह्याच्यात मासा गावंल?"

"नाय."

"कोलंबी? निदान जवळा तरी?"

"काय पण नाय गावनार."

पंच हसले. हाशा पाटील म्हणाला, "ज्यात मासा नाय गावत ता जाळं कशाला गो?"

"म्हणूनच तर, पाटील," पोसाबाय म्हणाली. "ह्याच्यात मासा नाय, आणि ह्या होडीत चढनार नाय. मग माझा हात लागला तर बुडनार काय, ता सांगा."

उत्तर सापडलं नाही की पंच निवाडा देतात. तीन दिवस ते बसले आणि त्यांनी ठरवलं ते असं: एकटी पोसाबाय हे करते म्हणजे ही करणीसुद्धा असू शकते. पण करणी शिकवता येत नाही, काम शिकवता येतं. तेव्हा बंदरातल्या साती विधवांनी नारळी पुनवेपर्यंत वीतवीतभर पट्टी विणून दाखवावी. तसं झालं तर ते काम, आणि ते त्यांनी खुशाल करावं. मात्र त्यात एकही गाठ नसावी. एका जरी पट्टीत गाठ निघाली, तर ते जाळं. आणि विधवेने जाळं विणलं तर उशा, कांड्या सगळं समुद्रात, आणि पुन्हा बंदरात कुणी त्याचं नाव काढायचं नाही.

निवाडा चोख होता. फक्त सात मोजताना सातवी कोण हे हाशा पाटलाने मोजलं नाही. सातवी त्याची आई होती, बुधीआय.

दीड महिना हातात होता. सहा जणींना शिकवायचं होतं, आणि शिकवणारीला नमुना एकच येत होता. लोडही एकच. बायांनी भाताच्या तुसाचे लोड शिवले. बांबूच्या काटक्या तासून कांड्या केल्या. टाकून दिलेलं एक शीड उसवून सूत काढलं. अडलं ते टाचण्यांवर. इस्प्रासबायच्या टाचण्या एका लोडापुरत्या होत्या. तेव्हा खाडीत पाला चढला. पाला हा असा मासा आहे की त्यात मासा कमी आणि काटे जास्त. असं म्हणतात की त्या वर्षी पाला इतका आला की पाणी दिसेना, आणि बायांनी त्याचे काटे धुऊन, वाळवून टाचण्या केल्या. करणी लोखंडाची असते. माशाच्या काट्याने कुणी कुणावर करणी केल्याचं पंचांच्याही ऐकिवात नव्हतं.

सगळं जमलं आणि शिकवणं जमेना. पोसाबायने आपल्या गुरूची रीत उचलली. समोरची गाठ मारते, ही म्हणते नको, आणि कोयतीने तुकडा कापते. चार दिवसांत नागूबाय नावाची विधवा उठून उभी राहिली.

"काल शिकलीस नं आज पंतोजी झालीस!" ती म्हणाली. "नको नको काय करतंस? काय करू ता सांग!"

पोसाबाय सांगायला गेली आणि तिला सांगता येईना. तिची बोटं गाठ विसरली होती, आणि ती कशी विसरली हेही विसरली होती. अंगठा बांधायचं सांगून पाहिलं. नागूबायने बांधला आणि डाव्या हाताने गाठ मारून दाखवली.

पोसाबाय तीन दिवस नुसती नागूबायच्या समोर बसून तिच्या हातांकडे बघत राहिली. चौथ्या दिवशी नागूबायची पहिली बोटभर पट्टी बिनगाठीची निघाली. कशी, ते पोसाबायला समजलं नाही. पण नागूबाय शेजारी बसलेल्या चांगी नावाच्या विधवेला सांगत होती, "दोरा आवळू नको. जाळ्यात दोरा आवळला का अंगठा गाठीला धावतो. कांडी नुसती लोंबू दे, तिच्या वजनानं बसंल ता बसंल." आणि चांगीला दोन दिवसांत जमलं.

तेव्हा पोसाबायने एक गोष्ट केली जी शिकवणारे सहसा करत नाहीत. तिने शिकवणं सोडून दिलं. काल शिकलेली आज शिकवील, असं ठरवून ती बाजूला बसली. चांगीने चौथीला शिकवलं, चौथीने पाचवीला, पाचवीने सहावीला. प्रत्येकीला आपली चूक ताजी आठवत होती, म्हणून दुसरीची लगेच दिसत होती. ज्यांचं शिकून बरेच दिवस झाले होते त्यांनी मध्ये तोंड घातलं की पोसाबाय त्यांना कांड्या गुंडाळायला बसवायची.

राहिली बुधीआय. वय ऐंशी, डोळे अधू, आणि साठ वर्षं गाठी मारलेले हात. "मला नको तुमचं ता भोकांचं लुगडं," ती म्हणाली. पोसाबाय तिच्या दारात जाऊन बसली. पाऊस पडत होता. ती भिजत बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशी बुधीआय म्हणाली, "मरशील नं माझ्या दारात. आण ती उशी." असं म्हणतात की बुधीआय डोळ्यांनी शिकलीच नाही, कांड्यांच्या आवाजावरून शिकली. पण ती शिकली, आणि पुनवेच्या आदल्या दिवशी तिची वीत पूर्ण झाली.

नारळी पुनवेला सगळं बंदर किनाऱ्यावर जमलं. भरती पूर्ण भरली की पाटलाने सोन्याच्या वर्खाचा नारळ समुद्राला द्यायचा, मगच होड्या पाण्यात, अशी रीत. त्याआधी परीक्षा. साती लोड ओळीने मांडले होते, पट्ट्या अजून कांड्यांना जोडलेल्या. एकेकीने आपले काटे उपसले आणि हाशा पाटलाने डोळे मिटून पट्टीवरून बोट फिरवलं. गाठ डोळ्यांना चुकते, कोळ्याच्या बोटाला चुकत नाही. पोसाबाय झाली, नागूबाय झाली, चांगी झाली. सहाही गुळगुळीत. सातव्या पट्टीवर त्याचं बोट शेवटाकडे येऊन थबकलं.

गाठ होती. शेवटापासून तीन बोटं अलीकडे, मोहरीएवढी.

हाशा पाटलाने डोळे उघडले. समोर आई. निवाडा त्याचाच. त्याने एकदा समुद्राकडे पाहिलं आणि मोठ्याने सांगितलं, "नाय. गाठ नाय. साती पट्ट्या साफ हायत."

लोकांनी ओरडा केला. नागूबायने चांगीला मिठी मारली. पण पोसाबायने पाटलाचं थबकलेलं बोट पाहिलं होतं. ती पुढे आली, बुधीआयच्या पट्टीवरून तिने आपलं बोट फिरवलं, आणि म्हणाली, "पाटील, गाठ हाय."

नागूबायने कपाळावर हात मारला. "गप बस गो! त्यानं नाय म्हटलं ना!"

"आज तो नाय म्हणंल. उद्या दुसरा कुणी बोट फिरवंल आणि बोलंल, लबाडीनं मिळवलं. मंग आपल्या हातात काय ऱ्हायलं?" पोसाबाय म्हणाली. "गाठ हाय. पण पूनव अजून सरली नाय. जेवढं विणलं तेवढं उलटं उसवता येतं. बुधीआय सोडवंल."

सगळे बुधीआयकडे पाहू लागले. म्हातारीने पट्टी चाचपली, गाठ शोधली आणि आधी अंगठ्याला एक शिवी दिली. मग ती वाळूवर मांडी घालून बसली. वारा सुटला होता, लोड हलत होता.

"हाश्या, उशी धर," ती म्हणाली.

"आये, भरती भरत आली. मला नारळ..."

"उशी धर म्हटलं ना!"

हाशा पाटलाने नारळ वाळूवर ठेवला, आईसमोर गुडघे टेकले आणि तिचा लोड दोन्ही हातांनी धरला. बुधीआयने काटे पुन्हा टोचले. मग कांड्या उलट्या ओलांडत, पीळ उलटा काढत, ती मागे मागे जाऊ लागली. विणायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ उसवायला लागतो. गाठीपाशी आल्यावर तिने ती माशाच्या काट्याने सोडवली. ऐंशी वर्षांची बोटं, ओला वारा आणि साठ वर्षांच्या सवयीने मारलेली गाठ. पोसाबाय शेजारी बसून होती. तिने हात पुढे केला नाही. गाठ सुटली. बुधीआयने तीन बोटं पुन्हा विणली.

असं म्हणतात की तेवढा वेळ समुद्र थांबला. भरती भरून पाणी जिथे पोचलं होतं तिथेच उभं राहिलं, ना पुढे, ना मागे, आणि लाटांचा आवाज बंद होऊन नुसत्या कांड्या ऐकू येत होत्या. चिकित्सक लोक म्हणतात की समुद्र थांबला नव्हता, नारळ थांबला होता. कारण ज्याने तो द्यायचा त्याचे दोन्ही हात गुंतले होते. दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर एकमत आहे: तेवढ्या वेळात बंदरातल्या कुणीही घाई करा असं म्हटलं नाही.

बुधीआयने काटे उपसले. हाशा पाटलाने डोळे मिटून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा. मग तो उठला. गुडघ्यांना वाळू लागली होती. "नाय," तो म्हणाला. या वेळी तो हळू बोलला आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

नारळ गेला, होड्या गेल्या, आणि त्या वर्षी एकही होडी बुडाली नाही. पुढच्या वर्षी एक बुडाली. पण तोवर विधवांच्या हातांना बोल लावायची पंचांची हौस गेली होती, आणि हळूहळू जाळ्याची सुईही त्यांच्या हातांत परत आली. ती कुणी परत दिली, हे कुणालाच आठवत नाही.

पोसाबाय मात्र पुन्हा जाळ्याकडे वळली नाही. लोड डोक्यावर घेऊन ती किनाऱ्याने चालत निघाली आणि बंदरोबंदरी विधवांच्या अंगणात बसली. लोक तिला कांडीआय म्हणू लागले. कुठेही ती एकीलाच शिकवायची आणि पुढच्या गावाला लागायची. बाकीच्यांना मग ती शिकलेली शिकवायची. तिची समाधी तीन गावांत आहे, आणि तिन्ही ठिकाणची खरी आहे असं म्हणतात.

कारवेळात समाधी नाही. तिथे नारळी पुनवेला पाटील, मग तो कुणीही असो, नारळ वाळूवर ठेवतो, गुडघे टेकतो आणि बंदरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या विधवेसमोर लोड धरून बसतो. ती कांडीआयच्या नावाने बोटभर पट्टी विणते. चुकली तर उसवते आणि पुन्हा विणते. ती "हां" म्हणेपर्यंत नारळ उचलायचा नाही. एका वर्षी अशी दुपार टळून गेली. समुद्राने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.